मासळीची पिकअप : मागचे सिलिंडर बदलल्यापासून ब्रेक पेडल मऊ, तीनदा एअर काढली तरी तसंच

डिचोलीची_पिकअप | २० जुलै, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, कारण गाडी अडली आहे.

डिझेल पिकअप आहे. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस नाही. सात वर्षं मासळी वाहतोय. मालीम जेटीवर क्रेट भरायचे, म्हापसा, डिचोली, साखळी करत कधी दोडामार्ग, आणि आठवड्यातून दोनतीनदा चोर्ला घाट चढून बेळगाव. १ जूनला मासेमारी बंद झाली की गाडी दारात उभी. यंदाही फणसाखाली ताडपत्री टाकून ठेवली होती.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात बाहेर काढली तर मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या अंगाला ओल. ड्रम काढला, व्हील सिलिंडर गळत होता. गॅरेजवाल्याने दोन्ही बाजूंचे सिलिंडर नवे घातले, लायनर नवे घातले, आतलं सगळं सुटं करून धुतलं, ब्रेकच्या ऑइलमध्ये शिरलेली एअर काढली. घरी यायला निघालो तर पहिल्या दाबाला पेडल जवळजवळ तळाला. लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर येतं आणि ब्रेक लागतो.

परत नेली. मागचे ब्रेक टाइट केले, परत एअर काढली. एक दिवस बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा होतं तिथंच. मग दुसरं गॅरेज. तिथे म्हणाले मास्टर सिलिंडर गेला, म्हणजे पेडल दाबल्यावर चाकांकडे ऑइल ढकलतो तो. नवा घातला, तिसऱ्यांदा एअर काढली, साडेपाच हजार गेले. फरक काही नाही. आता म्हणतात पायाचा जोर वाढवणारा बूस्टर बदलूया.

गॅरेजांची नावं लिहीत नाही, माणसं वाईट नाहीत. पण १ ऑगस्टला बोटी सुटतात आणि माझ्याकडे आता ना पैसा आहे ना वेळ. बूस्टर घालू का?


चोर्ला_रोज | २० जुलै, रात्री १०.२५

भावा, हे नीट होईपर्यंत त्या गाडीत एक क्रेटसुद्धा भरू नकोस.

मी पहाटे बेळगावहून भाजी घेऊन चोर्ला उतरतो. गेल्या मे महिन्यात घाटात माझं पेडल असंच गेलं. तिसऱ्या गियरमध्ये ब्रेकवर पाय ठेवून उतरत होतो, चूक माझीच. पाय तळाला टेकला तेव्हा मागे पूर्ण लोड होता. दुसऱ्यात टाकली, मग पहिल्यात, हँडब्रेक ओढत ओढत डोंगराच्या बाजूला चरात घातली. अर्धा तास तिथेच बसून राहिलो. तेवढ्यात चाकं थंड झाली आणि पेडल आपोआप वर आलं. ब्रेक ऑइल उकळलं होतं. चार वर्षं बदललं नव्हतं.

तुझं थंड गाडीतही होतंय, म्हणजे हे कारण नाही. तरी टाकीत कुठलं ऑइल घातलंय ते विचारून घे.


सांगेचा_टेम्पो | २१ जुलै, सकाळी ७.१०

मला बूस्टरच वाटतो. माझ्या टेम्पोत इंजिन बंद असताना पेडल दगडासारखं असतं आणि चावी मारली की खाली सरकतं. मलाही बूस्टर बदलायला सांगितलंय. आणि ऑइल घालायचंच तर डॉट ५ घाल, नंबर जितका मोठा तितकं चांगलं.


आयटीआयची_बाई | २१ जुलै, सकाळी ११.४०

थांबा, दोघांनीही बूस्टरला हात लावू नका.

इंजिन बंद ठेवून पाचसहा वेळा पेडल दाबलं की बूस्टरमध्ये साठलेली ओढ संपते आणि पेडल कडक होतं. पाय तसाच दाबून ठेवून इंजिन सुरू केलं की पेडल थोडं खाली जातं. हा बूस्टर काम करत असल्याचा पुरावा आहे, मुलांना मी पहिल्याच आठवड्यात हे करून दाखवते. डिझेल इंजिनात ही ओढ व्हॅक्यूम पंप देतो, पुष्कळ गाड्यांत तो अल्टरनेटरच्याच मागे बसवलेला असतो. पंप, त्याचा पाइप किंवा बूस्टरचा पडदा गेला तर पेडल लाकडासारखं कडक होतं आणि गाडी थांबवायला अंगाचा भार द्यावा लागतो. पेडल मऊ होण्याचं कारण जवळजवळ नेहमी तेलाच्या बाजूला असतं, नाहीतर चाकाच्या.

सांगेकर, डॉट ५ मात्र मुळीच नको. ते सिलिकॉनचं तेल असतं, आपल्या गाड्यांतल्या डॉट ३ किंवा डॉट ४ मध्ये मिसळत नाही. डॉट ५.१ वेगळं, ते याच घराण्यातलं. नंबर म्हणजे दर्जाचा क्रमांक नव्हे. नवं डॉट ३ निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट ४ निदान २३० पर्यंत. पण हे तेल हवेतलं पाणी शोषतं, आणि आपल्याकडे चार महिने हवा म्हणजे पाणीच. पाण्याचं प्रमाण ३.७ टक्क्यांवर गेलं की डॉट ३ साठी तीच हमी १४० अंशांवर येते, डॉट ४ साठी १५५ वर. चोर्ल्याच्या भाऊंचं पेडल का गेलं ते यातच आलं. दोन वर्षांनी ऑइल बदला, आणि ते बंद डब्यातलंच घ्या. गॅरेजच्या फळीवर अर्धा उघडा राहिलेला डबा पावसाळाभर पाणी पीत असतो.

डिचोलीकर, तुम्ही लिहिलेल्यात माझ्या मते दोन धागे आहेत. त्याआधी चार गोष्टी घरीच करून बघा. गाडी सपाट जागेवर, चाकांना दगड, गियर न्यूट्रल.

इंजिन सुरू ठेवून पेडल मध्यम जोराने दाबा आणि मिनिटभर धरून ठेवा. हळूहळू खाली सरकतं का? मग सोडून पटपट तीनचार वेळा दाबा. वर आलेलं पेडल शेवटी कसं लागतं, लाकडाला पाय टेकल्यासारखं की चेंडू दाबल्यासारखं? तिसरी गोष्ट महत्त्वाची : हँडब्रेक पूर्ण ओढा आणि मग पेडल दाबा. पहिल्या दाबाला ते आधीपेक्षा वर थांबतं का? आणि ऑइलच्या टाकीचं झाकण उघडून आतलं रबर बघा, फुगून लोळागोळा तर झालं नाही ना. कोणी चुकून इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचं ऑइल ओतलं असेल तर सगळ्यात आधी तेच रबर फुगतं, आणि मग गाडीतली ब्रेकची सगळी रबरं बदलावी लागतात.


डिचोलीची_पिकअप | २१ जुलै, संध्याकाळी ६.३०

मॅडम, सगळं केलं.

मिनिटभर धरलं, जिथे होतं तिथेच राहिलं, सरकलं नाही. चारदा दाबल्यावर बरंच वर येतं, पण शेवटी टेनिसच्या चेंडूसारखं लागतं. हँडब्रेक ओढल्यावर फरक पडला! आधी तळापासून दोन बोटांवर थांबत होतं, हँडब्रेक ओढला की जवळजवळ अर्ध्यावर. चेंडू मात्र तसाच. झाकणाचं रबर चांगलं आहे. टाकीत ऑइल कमी होत नाही, जमिनीवर थेंब नाही, पेडलच्या मागे बूस्टरच्या अंगालाही हात फिरवला, कोरडं आहे.


आयटीआयची_बाई | २१ जुलै, रात्री ८.१५

फार नीट तपासलंत. आता ऐका.

मिनिटभर धरून पेडल सरकत नाही, गळती कुठे नाही, म्हणजे मास्टर सिलिंडरची आतली रबरं दाब धरून आहेत. आता तो नवाच आहे, पण जुन्याचंही बहुधा तसंच असेल. जुना परत मागून घ्या, टाकू नका. मास्टर गेला की नमुना असा दिसतो : पाय ठेवलेला असतो, सिग्नल लागलेला असतो, आणि पेडल पायाखालून हळूहळू उतरत जातं. तुम्ही पहिल्या दिवसापासून सांगताय ते हे नव्हतंच.

हँडब्रेक मागच्या शूंना, म्हणजे लायनर बसवलेल्या कमानींना, ड्रमजवळ ढकलतो. तो ओढल्यावर पेडल वर आलं याचा अर्थ एरवी शू आणि ड्रम यांच्यात फट जास्त आहे. ती फट भरायलाच पहिला दाब खर्च होतो. हा एक आजार. फट भरूनही पेडल चेंडूसारखं लागतं, म्हणजे तेलात कुठेतरी हवा आहे किंवा होज पाइप फुगतोय. हा दुसरा. दोन आजार एकावर एक बसलेत, म्हणून एकावर इलाज केला की थोडं बरं वाटतं आणि लोक तिसराच पार्ट बदलायला जातात.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते तुमचं एक वाक्य. टाइट केल्यावर एक दिवस बरं, मग परत खाली. नव्या लायनरची झीज एका दिवसात इतकी होत नाही. गॅरेजात दोन्ही ड्रम एकाच वेळी उघडले होते का? सुटे भाग कुठे ठेवले होते आठवतं?


डिचोलीची_पिकअप | २१ जुलै, रात्री ८.४०

आठवतं, मी तिथेच स्टुलावर बसलो होतो. दोन्ही बाजू उघडल्या होत्या. स्प्रिंगा, अ‍ॅडजस्टर, सगळं डिझेलमध्ये धुऊन एकाच वर्तमानपत्रावर वाळत घातलं होतं.


आयटीआयची_बाई | २१ जुलै, रात्री ८.५५

मग अ‍ॅडजस्टर उलटसुलट बसलेत अशी माझी दाट शंका आहे.

दाती चाक असलेले आपोआप सरकणारे अ‍ॅडजस्टर डावे-उजवे वेगळे असतात. एकाचे आटे सुलट, दुसऱ्याचे उलट. दिसायला जुळे भाऊ. पत्र्याची पट्टी ते चाक नेहमी एकाच दिशेने एकेक दात पुढे ढकलते, आणि बरोबर बाजूला असेल तर अ‍ॅडजस्टर लांब होतो, शू ड्रमकडे सरकतात. डावा उजवीकडे गेला तर तीच पट्टी त्याला आखूड करत राहते. तुम्ही गाडी चालवता, ब्रेक मारता, आणि ब्रेक स्वतःच स्वतःला ढिले करत जातात. एका दिवसात. तुमचं वाक्य ते हेच.

ड्रम उघडून दोन्ही अ‍ॅडजस्टरचे आटे बघा. पुष्कळदा त्यांवर डाव्या-उजव्याची खूण कोरलेली असते. नसली तर हाताने फिरवून बघा, पट्टी ज्या दिशेने ढकलते त्या दिशेने फिरवल्यावर लांबी वाढायला हवी.


चोर्ला_रोज | २१ जुलै, रात्री ९.३०

मॅडम, वीस वर्षं गाडी चालवतोय, हे आज कळलं. देव बरें करूं.


डेपो_फिटर_निवृत्त | २२ जुलै, सकाळी ६.२०

मी कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसच्या, डेपोत होतो, तिथे एअर ब्रेक. पण निवृत्तीनंतर गावातल्या पिकअप आणि रिक्षा माझ्याच दारात येतात, म्हणून बोलतो.

बाईंचं अ‍ॅडजस्टरचं निदान मला पटलं. हवेबद्दल मात्र मला एकच विचारायचंय. बाळा, एअर काढताना गाडी कशी उभी केली होती? जॅक कशाखाली होता?


डिचोलीची_पिकअप | २२ जुलै, सकाळी ८.००

काका, चॅसीखाली दोन घोड्या लावल्या होत्या. मागची दोन्ही चाकं काढलेली, एक्सल खाली लोंबत होता. दुसऱ्या गॅरेजातही तसंच.


डेपो_फिटर_निवृत्त | २२ जुलै, सकाळी ८.४५

मला तेच वाटलं होतं.

मागच्या एक्सलच्या वर, चॅसीला एक व्हॉल्व्ह असतो, त्याच्यापासून एक सळई किंवा स्प्रिंग खाली एक्सलला जोडलेली असते. त्याला एलएसपीव्ही म्हणतात. गाडीत माल भरला की चॅसी खाली बसते, सळई व्हॉल्व्हला दाबते, आणि मागच्या चाकांना ब्रेकचा दाब जास्त मिळतो. गाडी रिकामी असली की व्हॉल्व्ह मागचा दाब कापतो, नाहीतर रिकाम्या गाडीची हलकी मागची चाकं जाम होऊन गाडी गरकन फिरेल. आता चॅसी वर उचलून एक्सल लोंबत ठेवला की व्हॉल्व्हला काय वाटणार? की गाडी रिकाम्याहून रिकामी आहे. तो मागची वाट आवळून धरतो. चाकाकडचं एअर काढायचं निपल सोडलं की तेल बारीक धारेने येतं, बुडबुडे थांबल्यासारखे दिसतात, आणि व्हॉल्व्हमधली हवा जागच्या जागी राहते.

अशा गाडीची मागची एअर चाकं जमिनीवर ठेवून काढायची. नाहीतर घोड्या चॅसीखाली न लावता एक्सलखाली लावायच्या. मागे वजन असेल तर उत्तम. काही गाड्यांत त्या व्हॉल्व्हवरच वेगळं निपल असतं, तेही बघ. चिखलाखाली दडलेलं असतं.


सांगेचा_टेम्पो | २२ जुलै, सकाळी ९.३०

काका, आमच्याकडचा एक मेकॅनिक त्या व्हॉल्व्हचा दांडा तारेने वर बांधून टाकतो. मागचा ब्रेक कडक लागतो म्हणतात.


डेपो_फिटर_निवृत्त | २२ जुलै, सकाळी ९.५०

तार आजच्या आज काढ. उद्या नको, आज.

दांडा वर बांधला की व्हॉल्व्हला गाडी कायम भरलेली वाटते. रिकामा टेम्पो, पाऊस, रस्त्यावर लाल माती, समोर गाय आली आणि पाय जोरात पडला, की मागची चाकं पुढच्यांच्या आधी जाम होतात आणि टेम्पो आडवा होतो. असा आडवा झालेला टेम्पो मी शेतातून ओढून काढलाय, आत बसलेला मुलगा अजून लंगडतो. दांड्याची लांबीही कोणी अंदाजाने बदलायची नाही. मागे पाटे वाढवले असतील तरी कंपनीच्या मापानेच लावायचा.


सांगेचा_टेम्पो | २२ जुलै, दुपारी १.१५

काढली काका. बूस्टरही बदलत नाही. मॅडमनी सांगितलं तसं करून बघितलं, माझं पेडल बरोबरच आहे.


आयटीआयची_बाई | २२ जुलै, दुपारी २.३०

काकांचा प्रश्न मला सुचायला हवा होता, तो या सगळ्याचा गाभाच आहे.

डिचोलीकर, काम सुरू करण्याआधी हवा खरंच मागे आहे की पुढे, याची खात्री करून घ्या. तुमच्या गाडीत तीन रबरी होज असतील : पुढच्या दोन चाकांना एकेक आणि मागे चॅसीवरून एक्सलवर उतरणारा एक. होज आवळायचा गोल जबड्यांचा क्लॅम्प मिळतो. गाडी उभी ठेवून एकेक होज आवळायचा आणि दर वेळी पेडल दाबून बघायचं. जो आवळल्यावर पेडल वर येऊन कडक होतं, दोष त्याच्या पलीकडे.


डेपो_फिटर_निवृत्त | २२ जुलै, दुपारी ३.०५

बाई, यात मात्र माझं जुळत नाही. होज चिमटायचा नसतो. आतला थर फाटतो, बाहेरून काही दिसत नाही, आणि महिन्याभराने ब्रेक धरून बसतो. प्लायरने होज आवळणारे मी पुष्कळ पाहिलेत.


आयटीआयची_बाई | २२ जुलै, दुपारी ३.४०

काका, प्लायर आणि ग्रिप पान्याबद्दल तुमचं शंभर टक्के खरं, त्यांनी होज मरतोच. गोल जबड्याच्या क्लॅम्पने, थोड्या वेळासाठी, मऊ होज आवळला तर सहसा चालतं. पण तुमची काळजी मला पटते, म्हणून असं करूया. होज सात वर्षांचे असतील तर नाहीतरी बदलायलाच आलेत. बहुतेकांवर बनवल्याची तारीख छापलेली असते, ती बघा. जुने असतील तर तपासणी जुन्यांवर करा आणि लगेच तिन्ही नवे घाला. जुना होज पेडल दाबल्यावर फुगतो का, तेही तेवढ्यात कळेल. एकाने दाबायचं, दुसऱ्याने हाताची मूठ होजभोवती ठेवायची.


डेपो_फिटर_निवृत्त | २२ जुलै, दुपारी ३.५५

असं असेल तर माझी हरकत नाही.


डिचोलीची_पिकअप | २६ जुलै, रात्री १०.४०

मंडळी, आज रविवारी काम झालं. लांब लिहितोय, कारण तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ दिलात, आणि उद्या हाच धागा दुसऱ्या कोणाच्या तरी हाती लागेल.

शनिवारी म्हापशाहून क्लॅम्प, तीन नवे होज आणि डॉट ४ चे दोन बंद डबे आणले. गाडीच्या टाकीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ असंच लिहिलंय. सकाळी मावसभाऊ आला. पुढचा डावा होज आवळला, काही फरक नाही. उजवा आवळला, काही नाही. मागचा आवळला आणि पेडल निम्म्यावरच थांबलं, पण टणक नाही. चेंडू तसाच. म्हणजे फट मागच्या चाकांत, आणि हवा मागच्या होजच्या अलीकडे, काकांच्या व्हॉल्व्हकडेच.

मग ड्रम उघडले. मॅडम, तुमची शंका खरी निघाली! डाव्या बाजूच्या अ‍ॅडजस्टरवर आर कोरलेलं होतं, उजव्यावर एल. गंज घासल्यावर अक्षरं दिसली. पट्टीच्या दिशेने चाक फिरवलं तर अ‍ॅडजस्टर आखूड होत होता, माझ्या डोळ्यांदेखत. मावसभाऊ आणि मी एकमेकांकडे बघतच राहिलो. एवढ्यासाठी मी पंधरा दिवस झोपलो नव्हतो.

अदलाबदल केली. आट्यांना उष्णतेत न वितळणारं ग्रीस अगदी थोडं लावलं, लायनरला हात पुसूनच हात लावला. ड्रम घालून चाक हाताने फिरवत शू इतके टाइट केले की जरासं घासल्याचा आवाज येतो पण चाक अडत नाही. एवढ्यानेच पेडल निम्म्यावर आलं.

आता हवा. काकांनी सांगितलं तसं एक्सलची सळई हाताने शोधली. व्हॉल्व्हवर बोटभर लाल माती आणि मासळीच्या पाण्याचं खारट किटण साचलेलं. ते ब्रशने खरवडलं तर खाली निपल! त्यावरची टोपी गंजून एकजीव झालेली, म्हणजे आजवर ते कोणी उघडलंच नव्हतं. आदल्या रात्री त्यावर गंज सोडवायचं तेल मारून ठेवायला हवं होतं, ते सुचलं नाही. म्हणून तेल मारून दोन तास थांबलो. घाई करून तोडलं असतं तर व्हॉल्व्हच गेला असता.

याच वेळी आणखी एक गोष्ट सापडली आणि तिने पोटात गोळा आला. मागच्या हौद्याला पाणी जायचं भोक आहे, बर्फ वितळलेलं खारं पाणी त्यातून सात वर्षं बरोबर एक्सलवरच्या लोखंडी ब्रेक पाइपवर ठिबकत होतं. नखाने खरवडलं तर गंजाचे पापुद्रे निघाले, आतला पाइप पेन्सिलीच्या शिशासारखा बारीक. हा पाइप चोर्ल्यात भरल्या गाडीखाली कधीही फुटला असता. काकांना फोटो पाठवला. ते म्हणाले, जोड मारायचा नाही, तुकडा घालायचा नाही, पूर्ण लांबीचा नवा पाइप, दोन्ही टोकं दुहेरी दुमडून. साधा तांब्याचा पाइपही नको, तांबे-निकेलच्या मिश्रणाचा घे, खाऱ्या पाण्याला टिकतो. फोंड्यात एका दुकानात टोकं करून मिळाला. जाऊन येऊन अडीच तास गेले, पण ते अडीच तास मला खटकले नाहीत.

संध्याकाळी चारला एअर काढायला बसलो. शेजाऱ्यांचं कुंपणाचं काम चालू आहे, त्यांचे चाळीस चिरे मागून घेऊन हौद्यात लावले. गाडी बसली, सळई वर आली. चाकं जमिनीवर. बायको पेडलवर. पेडलखाली लाकडाची फळी ठेवली, म्हणजे पेडल पूर्ण तळाला जाणार नाही. जुन्या मास्टर सिलिंडरात तळाकडचा भाग कधी वापरलेला नसतो, तिथे कचरा साचलेला असतो, रबर तिथपर्यंत नेलं की फाटतं, असं मॅडमनी निरोपात लिहिलं होतं. माझा मास्टर आता नवा आहे, तरी सवय लागावी म्हणून ठेवली.

पारदर्शक नळी निपलला, नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं. मी ओरडायचं "दाब", तिने दाबून "धरलं" म्हणायचं, मी निपल सोडायचं, आवळायचं, मग "सोड". निपल उघडं असताना पाय उचलायचा नाही, एवढं तिला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगायला गेलो तेव्हा म्हणाली, मला कळलंय, तुम्ही टाकीकडे बघा. बरोबरच होतं तिचं, टाकी किमान खुणेच्या खाली चालली होती. टाकी रिकामी झाली असती तर वरून परत हवा गेली असती.

व्हॉल्व्हचं निपल सोडल्यावर पहिल्या तीन दाबांना जे आलं ते ऑइल नव्हे, फेस. मोठे मोठे बुडबुडे. त्यानंतर काळपट ऑइल, मग हळूहळू स्वच्छ. मग मागचं डावं चाक, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. होज तिन्ही नवे घातले होते, त्यांतली हवाही निघाली. सांडलेलं ऑइल लगेच पाण्याने धुतलं, रंग खातं ते.

शेवटच्या दाबाला बायको म्हणाली, "आता पाय खाली जातच नाही." मी खाली चिखलात पडलो होतो, तसाच डोळे मिटून पडून राहिलो थोडा वेळ.


आयटीआयची_बाई | २६ जुलै, रात्री ११.०५

तुमच्या सौभाग्यवतींना माझा नमस्कार सांगा. एअर काढण्यात पेडलवरचं माणूस निम्मं काम करतं, त्याला कधी श्रेय मिळत नाही.

आता लगेच रस्त्यावर नको. आधी दारात इंजिन सुरू करून पेडल जोरात मिनिटभर दाबून धरा आणि टॉर्च घेऊन प्रत्येक जोड बघा. मग मोकळ्या जागेत हळू वेगात. नंतर चारही चाकांजवळ हात न्या, एखादं जास्त गरम असेल तर ते चाक आवळलं गेलंय. हे झाल्याशिवाय माल नको.


चोर्ला_रोज | २७ जुलै, सकाळी ५.४५

भावा, पाइपचा फोटो बघितला आणि मीही काल बॅटरी घेऊन गाडीखाली शिरलो. भाजीच्या गाडीलाही पाणी ठिबकतंच. माझा पाइप वरून गंजलाय, आत किती खाल्लाय ते समजत नाही.


डेपो_फिटर_निवृत्त | २७ जुलै, सकाळी ६.१०

समजत नसेल तर बदल. आणि दोघांनीही हौद्याच्या भोकाला रबरी नळी लावून पाणी एक्सलच्या मागे सोडा. हौदा धुता तेव्हा खालूनही गोड्या पाण्याने धुवा.


डिचोलीची_पिकअप | ३ ऑगस्ट, रात्री ८.२०

पहिल्या दिवशी समुद्र खवळलेला होता, बोटी कमीच गेल्या. काल पहिली खेप झाली, आज दुसरी.

त्याआधी दोन दिवस रिकामी गाडी मयेच्या रस्त्याला फिरवली, मग चिरेच भरून साखळीपर्यंत. चारही चाकं सारखीच कोमट. ड्रम परत उघडून अ‍ॅडजस्टर बघितले, एल डावीकडे, आर उजवीकडे, आणि या वेळी स्वतःहून दोन दात पुढे सरकलेले. हौद्याला नळी लावली. पहिल्या गॅरेजवाल्याला जाऊन शांतपणे दाखवलं. त्याने अ‍ॅडजस्टर हातात घेऊन बराच वेळ फिरवून बघितले, आणि त्याच्या पोराला हाक मारून त्यालाही दाखवले. पैसे मी मागितले नाहीत, त्याने पुढच्या सर्व्हिसिंगची मजुरी घेणार नाही म्हणून स्वतःच सांगितलं.

आज पहाटे भरल्या गाडीने पर्वरीच्या उतारावर पुढच्या बसने अचानक ब्रेक मारला. माझा पाय पडला आणि गाडी सरळ रेषेत थांबली.


सांगेचा_टेम्पो | ३ ऑगस्ट, रात्री ९.००

बरं झालं रे. ऑइलची पातळी उतरते का बघतोयस ना?


डिचोलीची_पिकअप | ३ ऑगस्ट, रात्री ९.१५

हो, टाकीवर बारीक काळी रेघ मारून ठेवली आहे. आज संध्याकाळी जेटीवरून आल्यावर बघितलं, ऑइल अजून त्याच रेघेवर आहे. बेळगावची खेप परवा आहे, जाण्याआधी परत बघेन आणि चोर्ला दुसऱ्या गियरातच उतरेन.